सुनंदाची सावड

निवृत्त झालो त्याच आठवड्यात भोरच्या भाजीबाजारात एक जुना वर्गमित्र भेटला. मेथीची जुडी हातात धरून तो म्हणाला, "मोहन, आता नोकरी संपली, आता खरं सांग. तू नेमकं करायचास काय?"

"बायकांच्या नेतृत्वाचं बघायचो," मी म्हणालो.

"आणि वहिनींना हे चालायचं?"

त्याचा दोष नाही. माझी बायको सुरुवातीला शेजारणींना सांगायची, "हे बायकांचं बघतात." त्याचा गल्लीत जो बोभाटा झाला तो निस्तरायला महिना गेला. मग ती सांगू लागली, "ते अर्ज लिहितात." खरं पाहता तेच बरोबर होतं.

आमची संस्था भोरला, एसटी स्टँडजवळ, एका दवाखान्याच्या माडीवर. काम प्रजनन आरोग्य आणि हक्कांचं. शब्द जड आहेत, गोष्ट साधी आहे. बाईला मूल कधी हवं, किती हवीत, का नकोच. पाळी, बाळंतपण, ऑपरेशन यात तिला काय विचारलं पाहिजे, काय सांगितलं पाहिजे, आणि कागदावर सही कुणाची लागते. एवढंच. पण हे एवढंच बोलायला गावात गेलं की पुरुषमाणसं जनावरांना पाणी दाखवायला उठून जात आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. हसणं थांबेपर्यंत परतीची एसटी यायची.

या कामाला पैसा देणारी माणसं असतात. परदेशात कुणी मोठा उद्योग केलेला असतो, त्याची मुलंबाळं मागे त्या पैशाचा निधी करतात आणि त्यातून आमच्यासारख्यांना देणगी मिळते. पूर्वी ही मंडळी गोळ्या द्यायची, वजनकाटे द्यायची. मग केव्हातरी त्यांच्यात असं ठरलं की वस्तू देऊन भागत नाही, नेतृत्व द्यायचं. एका गावातली एक बाई हेरायची, तिला दीड वर्ष पाठ्यवृत्ती द्यायची, शिकवायचं, तिच्यातली पुढारीण जागी करायची, मग ती गाव बदलते. वजनकाटा गावात पोचला का, हे कुणालाही बघता येतं. नेतृत्व पोचलं का, हे मोजायला मला ठेवलं होतं.

मी मूळचा बी.कॉम. या कामात पुरुष कसा, असं देणगीदारांकडचा प्रत्येक पाहुणा विचारायचा. आमच्या प्रमुख नलूताई त्याला थंडपणे सांगायच्या, "बाई मिळाली होती. तुमचा तक्ता बघितला आणि पळून गेली." नलूताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. हजारांनी बाळंतपणं केलेली बाई, कुणालाच घाबरायची नाही. त्यांनी गर्भपिशवीचं एक कापडी मॉडेल शिवलं होतं. लाल मखमल, आत कापूस, दोन्ही अंगांना नळ्या. पिशवीत कोंबलं की नळ्या वाकायच्या, म्हणून एसटीत ते मांडीवर घेऊन बसणं माझ्या नशिबी. एकदा नसरापूरच्या गाडीत कंडक्टरने ते बराच वेळ निरखलं आणि हळू आवाजात विचारलं, "सायेब, देवाचं काय हाय का?" मी नुसती मान डोलावली. त्याने मला तिकीट दिलं आणि मॉडेलला नमस्कार केला. नलूताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच केलं त्यानं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाठ्यवृत्तीसाठी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून दहा बायका निवडायच्या होत्या. (वेल्ह्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडी वेल्हेच.) निधीच्या मुंबईच्या कार्यालयाकडून अर्ज आला, मी त्याचं मराठी केलं आणि गावोगाव फिरून भरून घेऊ लागलो. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' असा एक प्रश्न होता. शिवऱ्याच्या एका बाईने सांगितलं, "हितंच. आनि कुठं जानार?" 'तुमचा आतला आवाज तुम्हाला कधी गवसला?' याला भोरजवळच्या एका वाडीतल्या म्हातारीने बसल्या जागी सुनेला हाक मारली, ती ओढ्यापलीकडून ओ देत आली, आणि म्हातारी म्हणाली, "हे बगा. ह्यो आवाज हाय." मी लिहिलं: 'अर्जदाराकडे प्रभावी संवादकौशल्य आहे.' माझी नोकरी म्हणजे हीच. तिकडचं इकडे आणायचं, इकडचं तिकडे न्यायचं, आणि वाटेत जरा इस्त्री फिरवायची.

विंझरच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. सात-आठ घरं, खाली भाताची खाचरं. तिथल्या सुनंदाचा अर्ज मात्र इस्त्रीला येईना. वय सत्तावीस, दोन मुली, तिसऱ्यांदा नुकतेच दिवस गेलेले. नवरा टेम्पोवर, आठवड्याने घरी येणारा, आणि आल्यावर 'आई म्हनंल तसं' एवढंच बोलणारा. 'तुमचं स्वप्न काय?' याच्या पुढे सुनंदाने स्वतःच्या हाताने, अक्षर दाबून लिहिलं होतं, 'ह्या खेपेनंतर बास करायचं आहे. ऑपरेशन करायचं. आक्का ऐकत न्हाईत. पोरगा होईपर्यंत न्हाई म्हणत्यात.' आक्का म्हणजे तिची सासू. मी तिला म्हटलं, "अगं, स्वप्न लिही. गावासाठी काय करणार वगैरे." ती म्हणाली, "ह्येच हाय. दुसरं न्हाई." मी इंग्रजीत लिहिलं की अर्जदाराला महिलांच्या निवडीच्या हक्कासाठी काम करण्याची तळमळ आहे. सुनंदाची निवड झाली. मुंबईहून तिच्या नावाचं पत्र आलं, वर रंगीत शिक्का. ते आक्कांनी देव्हाऱ्याशेजारी लावलं, कारण घरातल्या कुणाचं नाव मुंबईच्या कागदावर कधी आलं नव्हतं. सुनंदाला एवढाच फायदा की त्या पत्राच्या बळावर तिला भोरला जाऊ देत.

दर दोन महिन्यांनी भोरला तीन दिवसांचं निवासी शिबिर असे. शिकवायला पुण्याहून दर वेळी वेगळी बाई येई, आणि पहिलं शिबिर आटोपल्यावर नलूताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर मुलीकडे गेल्या. म्हणजे दहाही जणींना ओळखणारा संस्थेत मीच. आणि मी कसा ओळखायचा? बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाने मान खाली घालून वावरायचं, ही माझी बावीस वर्षांची शिस्त. मी हजेरीचा कागद पुढे करायचो, हात दिसायचे, बांगड्या दिसायच्या, सही दिसायची. नाव बरोबर असलं की पुढचीकडे. जेवणाला आमटी पुरेल ना ते बघायचं. या शिस्तीचा मला अभिमान होता. पहिल्या दिवशी एका शिक्षिकेने परस्परविश्वासाचा खेळ घेतला होता, एकीने डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. दहाजणी झेलायला उभ्या राहिल्या, पडायला कुणी तयार नाही. "उगं कशापायी पडायचं, बाई?" असं एकीने विचारलं, तेव्हा मीही भिंतीकडे तोंड करून हसलो होतो.

प्रत्येक शिबिरानंतर शिक्षिका प्रत्येकीवर शेरा लिही. सुनंदाचे शेरे असे. पहिला: 'मितभाषी, लाजाळू.' दुसरा: 'अत्यंत बोलकी. इतरांना बोलू देत नाही.' तिसरा: 'कष्टांमुळे अकाली वार्धक्य आले आहे. सत्तावीस वर्षांच्या स्त्रीचे जवळजवळ सगळे केस पांढरे. आहाराकडे तातडीने लक्ष द्यावे.' चौथा: 'प्रकृतीत विलक्षण सुधारणा. आज सर्वांना लेझीम शिकवली.' तिसऱ्या शिबिरात सहीच्या जागी अंगठा होता. हाताला लागलं असेल, असं मी धरून चाललो.

आता तुम्ही म्हणाल, माणूस आहे का ओंडका. पण मुंबईच्या कार्यालयात तर माझ्याहून शिकलेली माणसं बसली होती. त्यांनी हे शेरे वाचले आणि ती हरखून गेली. नेतृत्वाच्या कार्यक्रमात ज्याची सगळे वाट बघतात ते आमूलाग्र परिवर्तन हेच, असं त्यांनी मला कळवलं.

त्यात माझ्या मासिक अहवालांनी भर घातली. वस्तीवरून दर महिन्याला वहीची पानं यायची, सुनंदाने काय केलं त्याची. तिने ग्रामसभेत उठून विचारलं की नर्सताई ठरलेल्या वारी का येत नाहीत. ती शाळेत मुलींशी पाळीविषयी बोलली. तिने एका बाळंतिणीला दवाखान्यात नेलं आणि तिथे रात्रंदिवस बसली. अडचण एवढीच की या तिन्ही गोष्टींवर तारीख एकच असायची. गावच्या बायकांना तारखांचं भान नसतं, असं म्हणून मी तारखा दुरुस्त करायचो. एक इकडे, एक तिकडे, मध्ये दोन दिवस विश्रांती. वर्षभर मी माझ्या हाताने त्या बाईला अखंड पळती ठेवली. पुढच्या तीन वर्षांच्या देणगीचा विचार करायला मुंबईहून रिया मॅडम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच इच्छा कळवली: सुनंदाला तिच्या घरी भेटायचं.

रिया मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, फार नम्र. शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी मला पिशवीतली प्रोटीन पावडर दाखवली. "त्यांच्या तब्येतीचं वाचून मला झोप लागली नाही, सर." मी म्हणालो, "आता पुष्कळ बरी आहे." मला काय माहीत होतं, हे देवच जाणे. विंझरला जीप ठेवून आम्ही वर चढलो. नलूताई गुडघ्यामुळे खाली जीपमध्येच बसल्या.

अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. वस्तीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. सुनंदा उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर चार महिन्यांची मुलगी. तिसरीही मुलगी. केस काळेभोर. रिया मॅडमनी प्रोटीन पावडरीची पिशवी हळूच मागे सरकवली आणि टॅबलेट उघडला.

"सुनंदाताई, दुसऱ्या शिबिरात तुम्ही शरीराविषयी शिकलात. त्यातलं काय सगळ्यात महत्त्वाचं वाटलं?"

सुनंदा सरळ म्हणाली, "त्या टायमाला म्या नव्हते. मला उलट्या व्हत्या. ती शेवंता व्हती. ए शेवंते, ये की म्होरं."

शेवंता म्हणजे शेजारची धिप्पाड बाई. ती पुढे आली, तिने पदर खोचला आणि गर्भपिशवीपासून सुरुवात करून न थांबता सगळं सांगितलं, नळ्यांसकट. बोलणं इतकं चोख की दुसरा शेरा कुणाविषयी होता हे मला लगेच कळलं. 

"पण... ग्रामसभेत कोण बोललं?" रिया मॅडमनी विचारलं.

"ती कांता. शाळंत पोरींशी आमची धाकली जाऊ. दवाखान्यात म्या," शेवंता म्हणाली. "येकाच दिशी आलं समदं, म्हून वाटून घ्येतलं."

"पण निवड तर सुनंदाताईंची झाली होती."

"व्हय की. म्हून तर सावड केली," शेवंता समजावणीच्या सुरात म्हणाली. "आवो मॅडम, भाताची लावनी काय येकलीच्यानं हुती का? आज समद्या हिच्या खाचरात, उद्या माज्या. घरटी येक मानूस द्यायचं. हिला पोटुशीला भोरला जाता येईना, आनि कागूद तर हिच्या नावाचा. मंग आमी ठरीवलं, हिचं रान पडीक ठिवायचं न्हाई. दर टायमाला येका घरानं जायाचं. जी जाईल ती सुनंदा."

दहापैकी बाकीच्या नऊजणींनी हे वर्षभर बघितलं होतं आणि एकीनेही मला सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर शिवऱ्याची म्हणाली, "आमाला वाटलं तशी सवलत असंल. आमच्या गावाला सुचलं न्हाई, येवडंच." लपवाछपवी कुणीच केली नव्हती. मान खाली माझी होती.

रिया मॅडम शहाण्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तिसऱ्या शिबिराला कोण आलं होतं? निर्णय आणि संमती, असा विषय होता."

 मग भिंतीला टेकून बसलेल्या आक्का म्हणाल्या, "म्या गेलते."

सुनंदाने मान वर करून सासूकडे पाहिलं. आक्का भोरला जाऊन आल्या हे तिला माहीत होतं, तिथे काय झालं ते नव्हतं.

"आमच्या घराची पाळी आली," आक्का सांगू लागल्या. "हिचं पोट वर आल्यालं, यष्टीचं धक्कं नकोत. मंग घरात दुसरं कोन हाय? तितं त्या बाईंनी मला म्होरं बशीवलं. म्हनल्या, सुनंदा, तुला दोन पोरी हायेत, तिसरं पोटात हाय. ह्याच्यावर आनकी पायजे का? म्या म्हनलं, आमच्यात पोरगा लागतो. तर त्या म्हनल्या, घरचं न्हाई, तुजं सांग. आता माजं सांगून कसं चालंल? कागदावर सुनंदा लिवल्यालं. बाकीच्या बायांनी समद्यांनी हिचं काम इमानानं केल्यालं, म्या काय खोटं बोलू? मंग म्या हिच्यावानी इचार करत बसले. पहाटं उठले. पानी आनलं. धारा काढल्या. दोन पोरींचं केलं. पोटात तिसरं, उभं ऱ्हावत न्हाई. आनि सासू म्हनतीया पोरगा व्हईस्तवर थांबायचं न्हाई. मला त्या सासूचा लई राग आला, मॅडम. त्या रागात म्हनलं, नको. बास."

 सुनंदाच्या मांडीवरची पोर हात झाडत होती.

सुनंदा फार हळू बोलली. "आनि सासू म्हनून?"

आक्कांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "सासूला येळ लागंल," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

उतरताना रिया मॅडम मला म्हणाल्या, "सर, यासारखं काही मी आजपर्यंत बघितलं नाही. पण हे लिहू कुठे? तक्त्यात नाव एकच आहे."

"लिहू नका," मी म्हणालो.

"खरं लिहावंच लागेल." आणि त्यांनी लिहिलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या वरच्या कार्यालयाने मात्र त्यातला आक्कांचा राग सोडून फक्त हजेरी वाचली. संस्थेला पत्र आलं: एका नावावर सात व्यक्ती उपस्थित राहिल्या, हा गैरप्रकार कसा घडला, खुलासा करावा, अन्यथा दहाही पाठ्यवृत्त्यांचा फेरविचार होईल.

दोन दिवस नलूताई आणि मी त्या पत्रासमोर बसून होतो. खरं लिहायचं तर लिहावं लागलं असतं की कार्यक्रम अधिकाऱ्याने, म्हणजे मी, वर्षभर तोंडं बघितली नाहीत, तारखा बदलल्या आणि संस्थेने तपासलं नाही. मग बाकीच्या नऊजणी गेल्या असत्या, संस्थाही गेली असती. नलूताई शेवटी म्हणाल्या, "लिही काहीतरी. शब्द तुझे, पाप निम्मं निम्मं." मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'सदर प्रकार हा वस्तीतील महिलांचे अज्ञान व अडाणीपणा यांमुळे घडला असून संस्थेचा त्यात हेतू नाही.' बावीस वर्षांत इस्त्री फिरवलेली वाक्यं पुष्कळ लिहिली. निखळ खोटं हेच एक लिहिलं, आणि तेवढंच कुणी शंका न घेता मान्य केलं. नऊ पाठ्यवृत्त्या राहिल्या. सुनंदाची रद्द झाली.

पण त्यांच्या पत्राच्या तळाशी एक अट होती. ज्या व्यक्तीविषयी पत्रव्यवहार झाला तो सगळा त्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. तो तिचा हक्क आहे. हा नियम आम्हीच शिबिरात शिकवत होतो. मी नलूताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात. आणि दुखत नसते तरी तूच गेला असतास."

म्हणून मी पुन्हा विंझरची वाट चढलो. तेच अंगण, त्याच बायका. मी मुंबईचं पत्र वाचलं, मग माझा खुलासा. वाटेत मनाशी ठरवलं होतं की ते वाक्य गाळायचं, कुणाला कळणार? पण शेवंता शेजारी येऊन बसली आणि कागदावर नजर ठेवून होती. तिला वाचता येतं की नाही हे मला माहीत नव्हतं. वर्षभरात तेही विचारलं नव्हतं. मी ते वाक्य वाचलं. अज्ञान, अडाणीपणा, सगळं. माझाच आवाज मला परका वाटला.

 मग आक्का म्हणाल्या, "खरं हाय. आमाला कुटं म्हाईत व्हतं, की येकटीनंच शहानं व्हायाचं असतंय."

त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. "मंग आता हिचं नाव कागदावर न्हाई?"

"नाही, आक्का."

"भोरला बोलवायचं न्हाई?"

"नाही."

सुनंदा उठून गोठ्याकडे गेली. ती का गेली ते सगळ्यांना कळलं. देव्हाऱ्याशेजारचा तो कागद होता म्हणून घरात तिच्या शब्दाला एवढीतेवढी किंमत होती. कागद गेला की 'सासूला येळ लागंल' याचा अर्थ 'कधीच नाही' असा होणार, हे मीही ओळखलं. बावीस वर्षांत माझ्या लिहिण्याने कुणाचं इतकं उघड नुकसान मी केलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कागद परत परत घडी करत राहिलो.

आक्का पायात चप्पल सरकवून अंगणाच्या कडेला गेल्या आणि गोठ्याकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाल्या, "सुनंदे, भोरचं जानं सुटलं न्हवं? मंग मंगळवारी मोकळीच हायेस. दवाखान्यात जाऊन येऊ. पोरींना शेवंता बगंल."  आक्का माझ्याकडे वळल्या. "तुमीबी या. पुरुषमानूस लागतो म्हनत्यात, नुसता हुबा ऱ्हायला."

दवाखाना कुठला ते सांगत नाही. जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मंगळवारी मी तिथे नुसता हुबा होतो. सुनंदा, तिच्यामागे आक्का, मागे मी. खिडकीतल्या कारकुनाने ऑपरेशनचा फॉर्म बघितला आणि मान वर न करता विचारलं, "नवऱ्याची सही?"

 "ते टेम्पोवर हायेत," सुनंदा म्हणाली.

"मग नंतर या."

आक्का पुढे सरकल्या. "सही हिची लागती. नवऱ्याची लागत न्हाई. नेम काढून बगा तुमचा. आनि लागती आसंल तर तसं लिवून द्या, खाली तुमची सही करून."

कारकुनाने आता मान वर केली. आधी आक्कांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. कुणीतरी, एकदा तरी, बाहेरच्या माणसाने हे विचारावं, म्हणून ते सगळे अर्ज, तक्ते आणि अहवाल. नकळत मी शर्टाची कॉलर नीट केली आणि अर्धं पाऊल पुढे झालो.

"कोन शिकिवनार?" आक्का म्हणाल्या. "आमी अडानी बाया."

कारकुनाने फॉर्म सुनंदाकडे फिरवला आणि तिने सही केली.